जांभळं राहीपर्यंत

नळातून आधी निवळ पाणी आलं, मग जांभळं. काचेच्या जगमध्ये पडता पडता त्या जांभळ्यात हिरवट झाक आली आणि तळघर सांभाळणारा माणूस म्हणाला, "आत अजून आहे." मँचेस्टरमधल्या एका पबमध्ये सोमवारी सकाळी, दार उघडायच्या आधी, मी हे बघत उभा होतो. केग, म्हणजे बिअरचं पिंप, सगळ्यांना ठाऊक असतो, नळही समोर दिसतो. त्या दोहोंना जोडणारी नळी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते, आणि तिथे बिअरची चव राहते किंवा जाते.

तळघरात ११ ते १३ अंश तापमान राखलेलं असतं. तिथून निघालेल्या नळ्या एका जाड वेष्टनात एकत्र बांधून वर नेतात आणि त्यांच्यामधून गार पाणी खेळवतात. या जुडग्याला तिथे ‘पायथन’ म्हणतात. भिंतीलगत वळसे घेत गेलेलं ते दिसतंही अजगरासारखंच. नळीचा आतला व्यास साधारण साडेनऊ मिलिमीटर. नळी २० मीटर लांब असेल तर तिच्यात जवळजवळ १.४ लिटर, म्हणजे अडीच पिंट बिअर भरलेली असते. रात्री दिवे मालवले की ती तिथेच थांबते.

दुधाचं पातेलं नुसतं विसळून त्यात दुसऱ्या दिवशीचं दूध तापवलं तर काय होतं, हे आपल्या घरांत कुणाला सांगावं लागत नाही. नळीचंही तेच. यीस्ट आणि जंतू आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरतात. लॅक्टोबॅसिलसने बिअर आंबते, पेडिओकोकसमुळे तिला लोण्यासारखा वास येतो, आणि नळाच्या तोंडाशी हवा लागते तिथे ॲसिटोबॅक्टर तिचा व्हिनेगर करू लागतो. त्यातच कॅल्शियम ऑक्झलेटचा कडक थर बसतो. त्याला ‘बिअरस्टोन’ म्हणतात. बोअरच्या पाण्याने बादलीला धरतो तसाच तो खरखरीत असतो, आणि त्या खरखरीत जागी जंतूंना दडून बसता येतं.

माणसाला आजारी पाडणारे जंतू बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत. आम्लता, अल्कोहोल आणि बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं त्यांना रोखून धरतात. हॉप्सच्या या गुणाच्या भरवशावरच लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीची बिअर कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून हिंदुस्थानात येत असे. पण चव बिघडवणारे काही जंतू हॉप्सनाही जुमानत नाहीत. म्हणजे खराब नळीतली बिअर पिऊन सहसा कुणाचं पोट बिघडत नाही, आणि म्हणून कुणी तक्रारही करत नाही. गिऱ्हाईक अर्धा ग्लास तसाच ठेवतं, कोट चढवतं आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या पबमध्ये जातं. मीही एका पबमधून असाच उठून आलो होतो. आपल्याला हा प्रकारच आवडत नाही, अशी समजूत करून घेऊन ती बिअर मी पुढे कित्येक महिने मागवली नाही. दोष बहुधा नळीचा होता. नाव मात्र बिअर बनवणाऱ्याचं खराब झालं. या अन्यायाचं मला आजही वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये नळ्या दर सात दिवसांनी धुण्याचा रिवाज आहे. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन दोन आठवड्यांनी धुवायला सांगते, शिवाय बिअरस्टोन काढण्यासाठी तीन महिन्यांतून एकदा आम्लाने. धुण्याची रीत अशी: नळी केगला जोडणारा कपलर काढून धुण्याच्या जोडणीवर बसवायचा, पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं, मग कॉस्टिकचं द्रावण नळीत भरायचं. या पबमध्ये त्यात पोटॅशियम परमँगनेट होतं, आपल्याकडे विहिरीत टाकतात तेच. सेंद्रिय घाण भेटली की जांभळं हिरवं होतं. दहा-दहा मिनिटांनी थोडं थोडं ओढून घ्यायचं आणि आतलं ताजं करायचं. हातांत मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कॉस्टिक कातडी जाळतं. क्लोरीनचं द्रावण आणि आम्ल चुकूनही एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो.

दहा नळ्या असतील तर दर आठवड्याला पंचविसेक पिंट बिअर मोरीत जाते. मालकाचा हात आखडतो तो इथे. एक आठवडा टळला की दुसराही टळतो. मला ही काटकसर मुळीच पटत नाही. एक नेमाने येणारा माणूस तुटला तर तो वर्षभरात याहून कितीतरी जास्त पिंट दुसरीकडे पितो.

तिसऱ्या खेपेला जगमधलं पाणी जांभळंच राहिलं. तळघरवाल्याने जग उजेडाकडे धरला, मला दाखवला, मग नळीतून बराच वेळ साधं पाणी काढलं. नळाच्या तोट्या ब्रशने घासल्या, कपलर पुन्हा केगवर चढवला. पहिला फेसाळ ग्लास त्याने ओतून दिला. दुसऱ्यातला एक घोट स्वतः घेतला, क्षणभर तोंडात घोळवला, आणि दार उघडायला गेला.