साडेबासष्ट अंश, अर्धा तास

या आठवड्यात उष्टावण आणि त्यानंतरच्या वरच्या अन्नाबद्दल लिहायचं ठरलं होतं. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, घट्ट वरण हे सगळं आता एक आठवडा पुढे गेलं आहे, कारण चिकावरचा गेला लेख वाचून एका आजींनी पाठवलेले दोन प्रश्न. त्यांची नात सातव्याच महिन्यात जन्मली. सुनेला पुरेसं दूध येईना, तेव्हा रुग्णालयानं मिल्क बँकेतलं दूध नळीवाटे दिलं. नात आता घरी आहे आणि अंगावर पिते आहे, पण आजींच्या मनातून दोन गोष्टी जात नाहीत. ते दूध कोणाचं होतं? आणि तापवलेल्या आईच्या दुधात उरतं काय?

परक्या बाईचं दूध ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. कापूरहोळच्या धाराऊनं संभाजीराजांना दूध पाजलं, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. गावोगावी बाळंतिणीला पान्हा फुटला नाही की जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण बाळाला पदराखाली घ्यायची. तेव्हा नातं होतं, ओळख होती. दुधातून आजार जाऊ शकतो हे मात्र माहीत नव्हतं. एचआयव्हीचा विषाणू आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतो हे १९८०च्या दशकात उघड झालं, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या अनेक दूधपेढ्या भीतीपोटी बंद पडल्या.

नेमक्या त्याच काळात मुंबईत एक पेढी उघडली. शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सायन हॉस्पिटलात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये ती सुरू केली. आशियातली ती पहिली. शेजारी धारावी, वॉर्डात कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळं, आणि जंतुसंसर्ग हा सगळ्यात मोठा शत्रू. पावडरचं दूध, त्यासाठीचं पाणी, बाटली, बूच, या प्रत्येक पायरीवर जंतूंना वाट मिळते. फर्नांडिस यांच्या विभागानं आधी भर दिला तो आईच्या दुधावर. पेढी आली ती त्या कामाचा पुढचा टप्पा म्हणून, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. याच डॉक्टरांनी पुढे १९९९ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था उभी केली. मुंबईच्या वस्त्यांमधल्या आया आणि मुलांसाठी ती आजही काम करते.

तर, दूध कोणाचं? बहुतेक वेळा त्याच रुग्णालयातल्या एखाद्या बाळंतिणीचं. तिचं बाळ पोटभर पिऊनही दूध उरतं, किंवा तिचं स्वतःचं बाळ काचेच्या पेटीत असतं आणि अजून ओढून पिऊ शकत नाही. काही दात्या अशाही असतात की त्यांचं बाळ वाचलेलं नाही, पण पान्हा थांबलेला नाही. त्यांच्या दानाबद्दल फार कमी लिहिलं जातं. दूध घेण्याआधी लेखी संमती घेतात, आजार, औषधं, तंबाखू, दारू यांची विचारपूस होते आणि एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांसाठी रक्त तपासतात. पैसे दिले जात नाहीत. पैसे सुरू झाले की गरीब आई स्वतःच्या बाळाचा घोट विकायला लागेल, ही भीती रास्त आहे. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये आईच्या दुधावर प्रक्रिया आणि त्याची विक्री करायला परवानगी नसल्याचं स्पष्ट केलं, ते यासाठी चांगलंच झालं.

मुस्लिम कुटुंबांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. एकाच बाईचं दूध प्यालेली मुलं दूधभावंडं मानली जातात आणि त्यांचं आपसांत लग्न होत नाही. पेढीत तर अनेकींचं दूध एकत्र करतात. याबाबत धर्मपंडितांची मतं एकसारखी नाहीत. अशा कुटुंबाला दूध देण्याआधी सगळं नीट सांगून विचारणं, हाच सरळ मार्ग आहे.

आता आजींचा दुसरा प्रश्न. तो फार नेमका आहे आणि त्यावर जगभरच्या प्रयोगशाळांनी अनेक वर्षं घालवली आहेत.

पेढीतलं दूध उकळत नाहीत. ते ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं ठेवतात आणि मग झटपट थंड करतात. हा आकडा म्हणजे एक तडजोड आहे. त्याहून कमी तापवलं तर विषाणू आणि जंतू मरतील याची खात्री नाही. उकळलं तर जंतू जातील, पण दुधाला आईचं दूध बनवणारे बरेचसे घटकही त्यांच्यासोबत जातील. ६२.५ अंशांवर एचआयव्हीचा विषाणू टिकत नाही, नेहमीचे रोगजंतूही टिकत नाहीत. काही जंतूंचे बीजाणू मात्र चिवट असतात. म्हणूनच तापवून झाल्यावर दुधाचा नमुना पुन्हा जंतुतपासणीला जातो आणि अहवाल स्वच्छ आल्यावरच ते दूध बाळापर्यंत पोचतं. तोवर ते उणे २० अंशांवर गोठलेलं असतं.

नुकसान काय होतं? स्निग्धांश पचवायला मदत करणारं लायपेज हे विकर जवळजवळ पूर्ण जातं, त्यामुळे या दुधावरच्या बाळाचं वजन थोडं सावकाश वाढतं. आईच्या जिवंत पांढऱ्या पेशी मरतात. जंतूंशी लढणारं लॅक्टोफेरिन हे प्रथिन बरंच घटतं. आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडं, म्हणजे आयजीए, कमी होतात, तरी त्यांचा मोठा भाग शाबूत राहतो. आणि आईच्या दुधातल्या खास गुंतागुंतीच्या शर्करा उष्णतेनं जवळपास बदलत नाहीत. या शर्करांची कथा विलक्षण आहे. त्यांचे दोनशेच्या आसपास प्रकार सापडले आहेत आणि बाळाला त्या पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंसाठी. हे जिवाणू फोफावले की उपद्रवी जंतूंना जागा मिळत नाही.

म्हणून आजींना उत्तर असं: काही जातं, पण पुष्कळ उरतं. आणि जे उरतं ते अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी किती मोलाचं आहे, हे एका आजारावरून कळतं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. कधीकधी त्याला सूज येते, भाग सडू लागतो, पोट फुगतं, आणि काही वेळा बाळ हाती लागत नाही. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. वेगवेगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो, की दात्या आईच्या दुधाऐवजी पावडरचं दूध दिलं तर या आजाराचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. पावडरच्या दुधावर वजन भराभर वाढतं हे खरं आहे. पण एक-दीड किलोच्या जिवाच्या बाबतीत आधी आतडं, मग वजन. भारतात २०२० मध्ये सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. जगात कोणत्याही देशात इतकी जन्मली नाहीत.

ब्राझीलनं दूधपेढीचा विचार देशभर नेला. तिथं दोनशेहून अधिक दूधपेढ्यांचं जाळं आहे. महागड्या परदेशी बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या झाकणाच्या साध्या काचेच्या बरण्या वापरून त्यांनी खर्च खाली आणला. राजधानी ब्राझिलियात तर अग्निशमन दलाचे जवान घरोघरी जाऊन बरण्या गोळा करतात. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष उभे राहिले, ते स्तुत्यच आहे. पण मुंबई-पुण्याबाहेरच्या जिल्हा रुग्णालयांमध्येही पेढ्या हव्यात.

मात्र केवळ शीतकपाट आणि पाश्चरायझर आणून पेढी होत नाही. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे ओळखलं आणि स्तनपानासाठी आईला मदत करणारी केंद्रं, अशी योजनेची मांडणी केली. वेळेआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनं जास्त असतात. पेढीतलं दूध बहुधा पूर्ण दिवसांच्या आयांचं असतं, त्यात ती कमी पडतात. पहिला हक्क बाळाच्या स्वतःच्या आईच्या दुधाचा. दात्या आईचं दूध मधले काही दिवस निभावून नेण्यापुरतं.

आजींनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलं आहे: शेजारच्या घरी असंच बाळ येणार असेल तर काय सांगावं? शेजारणीचं किंवा इंटरनेटवर ओळख झालेल्या कोणाचं न तपासलेलं दूध थेट पाजू नये, हे सांगावं. बाळ पेटीत असलं तरी आईनं प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला सुरुवात करावी. सुरुवातीला थेंबच येतील, ते चमच्यात धरावेत. दिवसरात्र मिळून आठ वेळा काढावं आणि त्यातली एक वेळ रात्रीची असावी. छाती रिकामी होत राहिली तरच दूध वाढतं. आणि दवाखान्यानं परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीवर धरून बसावं, बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजावं, बाटली आणूच नये. ही आठ वेळांची पाळी सांभाळायची तर बाळंतिणीला दोन वेळचं गरम जेवण आणि रात्री सोबत लागते, आणि तिथं आजींसारख्या बाईचं काम सुरू होतं.