परीक्षकाची परीक्षा

मंडळी, वाण्याकडून किलोभर साखर घेताना आपण त्याच्या वजनावर भरवसा ठेवतो. वाणी सज्जन असेलही; पण त्या वजनावर वैधमापन निरीक्षकाचा शिक्का असतो, हे खरे कारण. निरीक्षकाला साखर विकायची नसते आणि विकतही घ्यायची नसते. वजन खरे की खोटे, एवढेच तो पाहतो. आणि मुदत संपली की पुन्हा पाहतो.

वायरमनला किंवा वेल्डरला मिळणारे प्रमाणपत्र हेही एक वजनच. माणसाच्या हातचे कसब त्याने मोजायचे. मग त्यावर शिक्का कोणाचा?

माझा एक जुना विद्यार्थी असेच प्रमाणपत्र घेऊन आला. घरच्यांनी शेळ्या विकून फी भरलेली. शिकवणारे, परीक्षा घेणारे आणि पास करणारे गृहस्थ एकच! कारखान्यात पहिलाच प्रश्न आला, "याला मान्यता कोणाची?" पोराला उत्तर देता येईना.

म्हणून तिसऱ्याची गरज. प्रमाणपत्र देणारा एक, घेणारा दुसरा. दोघांशीही देणेघेणे नसलेला तिसरा पक्ष देणाऱ्याचीच परीक्षा घेतो. त्यासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली निघाले व २०१२ साली सुधारले गेले. परीक्षा प्रत्यक्ष कामाला धरून आहे का, पेपर फुटू नये म्हणून काय व्यवस्था आहे, नापास झालेल्याला दाद मागता येते का, शिकवणाराच निकाल लावत नाही ना, हे त्यात पाहिले जाते. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचे एक मंडळ या मानकानुसार मान्यता देते. शिवाय कौशल्य-शिक्षणासाठी केंद्र सरकारने २०१८ साली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद नेमली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था निराळ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या निराळ्या धरून ती दोघींना मान्यता देते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. संस्थेची नुसती नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदणी तर दुकानाचीही होते. आणि एका अभ्यासक्रमाला मिळालेली मान्यता त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला आपोआप लागू होत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, दहावी-बारावीची मुले सल्ला विचारायला येतील तेव्हा फी भरण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. मान्यता कोणाची? याच अभ्यासक्रमाला आहे का? मुदत कधीपर्यंत? आणि मिळालेले उत्तर मान्यता देणाऱ्याकडेच पडताळून पाहा. शेळ्या विकण्यापूर्वी एवढी चौकशी झालीच पाहिजे.