हरता न येणारा खेळ

मंडळी, ज्या खेळात कधी हरताच येत नाही, असा खेळ कुणी तुमच्या हाती दिला तर तुम्ही तो किती वेळ खेळाल? प्रश्न पोरकट वाटेल. पण असा खेळ खरोखरच आहे. तो संगणकावर आहे, आणि बनवणाऱ्याने तो मुद्दामच निरर्थक बनवलेला आहे. अशा विनोदी, बिनकामाच्या खेळांविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत. त्यांत हसण्यासारखे पुष्कळ आहे. पण हसता हसता, मुलांच्या हातात कोणता खेळ द्यावा आणि वर्गात धडा कसा मांडावा, याचाही थोडा उलगडा होतो. म्हणून गुरुजींनी आणि बाईंनी इकडे विशेष लक्ष द्यावे.

आधी मूळ खेळ समजून घेऊ. त्याचे नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्को शहरात, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो तयार केला. 'टेट्रा' म्हणजे ग्रीक भाषेत चार. त्याला त्यांनी आपल्या आवडत्या टेनिसचे शेपूट जोडले. त्यांच्यापुढच्या यंत्राला चित्रे काढता येत नव्हती, फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. म्हणून त्यांनी कंसाच्या चिन्हांनीच ठोकळे दाखवले. पुढे हाच खेळ जगभर गेला. आपल्याकडेही १९९० नंतरच्या काळात बाजारात आणि जत्रेत 'ब्रिक गेम' नावाची लहानशी प्लॅस्टिकची यंत्रे मिळत. तुमच्यापैकी कित्येकांनी ती हाताळली असतील. तोच हा खेळ.

खेळ असा. पडद्यावर १० घरे रुंद आणि २० घरे उंच असा एक उभा खण असतो. वरून एकेक ठोकळा पडतो. प्रत्येक ठोकळा चार घरांचा, पण आकार सात: एक सरळ काठी, एक चौकोनी पाट, एक मधोमध टेंगूळ आलेला, दोन काटकोनी आणि दोन नागमोडी. पडता पडता ठोकळा डावीउजवीकडे सरकवायचा, फिरवायचा आणि नीट बसवायचा. एक आडवी ओळ पूर्ण भरली की ती पुसली जाते. फटी राहिल्या की ढीग वर चढतो. ढीग वरपर्यंत पोचला की डाव संपला. वैरणीची गंजी रचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तळ नीट बसला नाही की वरचे सगळेच बिघडते.

आता या खेळाची विडंबने पाहू. विडंबन म्हटले की मराठी माणसाला आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' आठवतात. विडंबनकार मूळ कवितेचा थाट तसाच ठेवतो, आणि आत एखादी गोष्ट अशी बदलतो की ऐकणारा हसू लागतो. या खेळांचेही तसेच. ठोकळे तेच, खण तोच. नियम मात्र एखादाच बदललेला. आणि गंमत अशी, की नियम काढून घेतला म्हणजे तो मुळात कशासाठी होता हे कळते. बैलगाडीची कुणी काढून घेईपर्यंत कुणाचे तिच्याकडे लक्ष जाते का? तसेच हे.

पहिले विडंबन म्हणजे एकाच घराच्या रुंदीचे टेट्रिस. खण एक घर रुंद. ठोकळा म्हणजे फक्त उभी काठी. डावीकडे सरकवायला जागा नाही, उजवीकडे नाही, फिरवायला वाव नाही. काठी पडते, तळाला टेकते, आणि ओळ एकाच घराची असल्यामुळे लगेच भरते आणि पुसली जाते. गुण वाढतात. पुन्हा काठी, पुन्हा गुण. तुम्ही चहा घेऊन आलात तरी गुण वाढतच असतात. हाच तो हरता न येणारा खेळ! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. फरक इतकाच, की इथे घडा भरल्याची पावती मात्र मिळत राहते.

दुसरे विडंबन २०१० साली निघाले. मूळ खेळात कळ दाबली की ठोकळा फिरतो. यात ठोकळा जागच्या जागी राहतो आणि भोवतालची अख्खी खोली, दूरदर्शनच्या पेटीसकट, गरकन फिरते! हिशेब तोच, नियम तेच. पण खेळणाऱ्याला पाळण्यात बसल्यासारखी भोवळ येते. नुसती पाहण्याची जागा बदलली की सोपे काम किती अवघड होते, ते यात दिसते. फळ्याकडे तोंड करून उभे असलेल्या गुरुजींना जी आकृती सरळ दिसते, ती नकाशा उलटा धरलेल्या मुलाला का समजत नाही, हेही इथेच कळावे.

तिसऱ्या प्रकारात ठोकळ्यांना खरे वजन दिले आहे. ते काटकोनात बसत नाहीत. कलंडतात, घसरतात, एकमेकांवर तिरपे रेलतात. पावसाळ्यात सरपणाची रास कोसळावी तसा सगळा पसारा होतो. मूळ खेळातले ठोकळे किती शिस्तीने घरात बसत होते, ते या गोंधळात समजते.

पण सगळ्यांत खट्याळ विडंबन चौथे. सॅम ह्यूज या ब्रिटिश लेखकाने २०१० साली ते केले आणि नाव ठेवले हेटट्रिस. हेट म्हणजे द्वेष. मूळ खेळात पुढचा ठोकळा नशिबाने येतो. इथे तसे नाही. तुमचा ढीग कसा रचला आहे हे यंत्र पाहते. प्रत्येक ठोकळा तुम्ही जास्तीत जास्त चांगला कुठे बसवू शकाल याचा अंदाज घेते. आणि तुम्हाला सर्वांत अडचणीचा ठोकळाच नेमका खाली सोडते. काठी हवी असेल तर काठी कधीच यायची नाही. बहुतेक वेळा हाती येतो नागमोडी ठोकळा.

तुम्ही म्हणाल, मग साधा टेट्रिस तरी कुठे जिंकता येतो? बरोबर आहे. हायडी बर्गिएल या गणिती बाईंनी १९९७ साली दाखवून दिले, की डावा आणि उजवा असे नागमोडी ठोकळे आळीपाळीने येत राहिले, तर खेळणारा कितीही हुशार असो, ७० हजार ठोकळ्यांच्या आत त्याचा डाव संपणारच. आणि ठोकळे निव्वळ नशिबाने पडत असतील, तर खेळ पुरेसा लांबला की तशी रांग केव्हातरी येणारच. म्हणजे साध्या टेट्रिसचा शेवट ठरलेलाच. पण पाऊस दडी मारतो तेव्हा तो आपल्यावर डूख धरून दडी मारत नाही. आणि बांधावरचा भाऊबंद पाट अडवतो तेव्हा तो मुद्दाम अडवतो. नुकसान सारखेच होते, तरी आपल्याला ते सारखे वाटत नाही. साधा टेट्रिस पावसासारखा आहे. हेटट्रिस बांधावरच्या भाऊबंदासारखा.

आता खरी मौज ऐका. या चौघांपैकी सर्वांत निरर्थक कोणता? सहज वाटेल, द्वेष करणारा. जिथे एक ओळ पुसताना घाम फुटतो तो खेळ कोण खेळेल? पण झाले उलटेच. हेटट्रिसचा स्वभाव ठरलेला आहे. तुम्ही पुन्हा तसेच खेळलात तर तो पुन्हा तेच ठोकळे देतो. म्हणजे त्याची खोड ओळखता येते. अगदी रागीट सासऱ्याचा स्वभाव सुनेला चार महिन्यांत कळतो, तसेच! चिकाटीची माणसे त्याच्या मागे लागली. कुणी वहीत मांडणी केली, कुणी त्याच्यासाठी संगणकाला कामाला लावले. सुरुवातीला मोजक्या ओळी पुसणे हाच मोठा पराक्रम होता. पुढे त्याच्या कितीतरी पट ओळी पुसल्या गेल्या. चेष्टा म्हणून केलेला खेळ खरे कोडे होऊन बसला. उलट एका घराच्या खणात गुणांची लयलूट असूनही तिथे कुणी रमले नाही. एकदा हसले आणि उठले.

मंडळी, यातून दिसते ते असे. खेळाला खेळपण येते ते जिंकण्याने नव्हे आणि गुणांनीही नव्हे. मी असे केले तर एक होईल, तसे केले तर दुसरे होईल, अशी निवड हातात असावी लागते. चुकण्याची मोकळीक असावी लागते, आणि चूक कुठे झाली ते पाहता यावे लागते. हेटट्रिस छळतो, पण निवड काढून घेत नाही. एका घराचा खण लाड करतो, आणि निवडच काढून घेतो.

ही कसोटी ठोकळ्यांच्या खेळांपुरती नाही. अमेरिकेतील एक प्राध्यापक इयन बोगोस्ट यांनी २०१० साली फेसबुकवर एक गायीचा खेळ ठेवला. कुरणात एक गाय. तिच्यावर एकदा कळ दाबायची, मग सहा तास थांबायचे, पुन्हा दाबायची. बस, दुसरे काही नाही. त्या काळी फेसबुकवर असे पुष्कळ खेळ होते, त्यांची ही थट्टा होती. पण हजारो माणसे ती गाय मनापासून दाबत राहिली! शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गायी नाहीशा केल्या. तरीही काही जण मोकळ्या कुरणावर कळ दाबतच राहिले. इथे मात्र हसू अर्धवट राहते. आज खेड्यापाड्यांत मुलांच्या हाती मोबाइल आहे. मूल खेळते आहे म्हणून लगेच रागावू नका. ते कोणता खेळ खेळते ते पाहा. त्याला विचारा, "बाळ, तू इथे काय ठरवतोस?" त्याने उत्साहाने सांगायला सुरुवात केली तर ते कोडे आहे. ते गप्प राहिले तर ती मोकळ्या कुरणातली गाय आहे.

आणि गुरुजी, हाच प्रश्न आपल्या धड्यालाही विचारता येतो. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर म्हटले, फळ्यावरचे वहीत उतरले, प्रत्येकाला 'बरोबर'ची खूण मिळाली. ओळ भरली आणि पुसली गेली. त्यात मुलाने काय ठरवले?

उद्याच करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. पुठ्ठ्यावर चौकोन आखून ते सात ठोकळे कापा. एकूण घरे २८. मुलांना सांगा, यांतून ४ घरे रुंद आणि ७ घरे लांब असा आयत पूर्ण भरा. मुले खटपट करतील, पण आयत भरणार नाही. मग बुद्धिबळाच्या पटासारखी आयतात काळी-पांढरी घरे रंगवा. १४ काळी, १४ पांढरी. सहा ठोकळे कसेही ठेवा, प्रत्येक जण दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकतो. टेंगळाचा ठोकळा मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्याची एक झाकतो. हिशेब होतो १५ आणि १३. म्हणून आयत भरणे शक्यच नाही. हाही न जिंकता येणारा खेळ, पण का जिंकता येत नाही हे मुलाने स्वतः शोधले की तो दिवस वाया गेला असे कोण म्हणेल? एवढेच करा, की कारण लगेच सांगून टाकू नका. आणि सातांचे दोन संच घेतले, म्हणजे ५६ घरे आणि ७ बाय ८ चा आयत, तर काळ्या-पांढऱ्याची ही अडचण उरत नाही. तो भरतो का, हे मुलांनाच पाहू द्या.