दीड गोलाचा बाजार

कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर ४ मे २०२४ रोजी झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने मध्यंतरापूर्वी आघाडी घेतली होती. उत्तरार्धात मुंबई सिटीने बरोबरी साधली, ८१व्या मिनिटाला बिपिन सिंगने २-१ केले आणि भरपाई वेळेत याकुब वोयतुशने तिसरा गोल नोंदविला. करंडक मुंबईला मिळणार हे तोवर जवळजवळ निश्चित झाले होते. म्हणजेच तिसऱ्या गोलाने विजेता बदलला नाही. मात्र गोलफरकाच्या बाजारात असाच एक गोल सारे पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात नेतो.

या बाजारात 'कोण जिंकेल' एवढेच विचारले जात नाही. 'मुंबई सिटी दीडपेक्षा अधिक गोलांनी जिंकेल काय?' असा प्रश्न असतो आणि उत्तराच्या 'हो' व 'नाही' या दोन बाजूंची खरेदी-विक्री चालते. अर्धा गोल कोणताही संघ करू शकत नाही, म्हणूनच दीड. फरक एकचा असो वा दोनचा, निकाल अधांतरी राहत नाही.

समजा, मुकुंदवाडीतील एका तरुणाने 'हो' ३ रुपयांना घेतले. त्याच वेळी समोरच्या कोणीतरी 'नाही' ७ रुपयांना घेतलेले असते. जमा झालेले १० रुपये ज्याचे उत्तर खरे ठरेल त्याला मिळतात, दुसऱ्याच्या हाती शून्य. येथे भाव बुकी ठरवीत नाही, तो घेणारे-विकणारे ठरवितात. ३ रुपये याचा अर्थ, बाजाराच्या मते शक्यता सुमारे ३० टक्के. सामना सुरू असताना हा भाव सतत हलतो आणि शेवटपर्यंत न थांबता मध्येच विकून बाहेरही पडता येते. २-१ अशा स्थितीत शेवटच्या मिनिटांत 'हो' काही पैशांवर आलेले असते. तिसरा गोल होताच ते १० रुपयांचे होते. बाजार चालविणारी कंपनी आपले शुल्क कापून घेते. त्यामुळे सर्व खेळणाऱ्यांचा एकत्रित हिशेब मांडला तर तो तोट्याचाच निघतो.

नियमांतील बारकावेही पाहावे लागतात. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना विश्वविजेता झाला, पण पेनल्टी शूटआऊटवर. ९० मिनिटांनंतर २-२ आणि जादा वेळेनंतर ३-३, म्हणजे गोलफरक शून्य! शूटआऊटचे गोल सहसा धरले जात नाहीत.

अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. सामना हरण्यासाठी लाच घेणे खेळाडूला जड जाते; जिंकूनही एक गोल कमी करणे त्या मानाने सोपे वाटते आणि ते नजरेतही येत नाही. न्यूयॉर्कच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये १९५१ साली उघडकीस आलेले प्रकरण नेमके हेच होते. गुणांचा फरक आटोक्यात ठेवण्यासाठी खेळाडूंनी पैसे घेतले होते. बास्केटबॉलमध्ये गुण ढिगाने होतात. फुटबॉलमध्ये एकेक गोल दुर्मीळ, त्यामुळे मोह अधिक, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत 'काल्शी'सारख्या कंपन्या असे सौदे वायदेबाजाराच्या केंद्रीय नियामकाखाली चालवितात. हा व्यापार की जुगार, यावर तेथील काही राज्यांशी त्यांचा २०२५ पासून न्यायालयीन वाद जुंपला. आपल्याकडे 'हो-नाही'चा बाजार लोकप्रिय करणाऱ्या 'प्रोबो'ने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे व्यवहार बंद केले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने त्याच महिन्यात संमत केला. असा खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही. परंतु परदेशी संकेतस्थळावर पैसे अडकले, तर ते सोडवून देणारा नियामकही येथे नाही.