टेक्सासच्या दुकानातल्या चान्या

उन्हाळा लागला की आपल्याकडे गच्चीवर, अंगणात, आणि ज्यांच्या नशिबी दोन्ही नाही त्यांच्या घराच्या पत्र्यावर वाळवणे पडतात. पापड, कुरडया, सांडगे, सालपापड्या, ताकातल्या मिरच्या. कोकणात आगोटीच्या आधी सुकट-बोंबलांची बेगमी होते. ही सारी वाळवणे आपण चारचौघांत मिरवतो. ‘यंदा किती शेर कुरडया घातल्या?’ असे शेजारणीला विचारतोसुद्धा. पण आमच्या घरी आणखी एक वाळवण होते, आणि त्याविषयी कोणी कोणाला विचारीत नसे. ते मला पुन्हा भेटले वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आणि तेही अमेरिकेतल्या एका पेट्रोलपंपावर!

झाले असे की, गेल्या वर्षी मी लेकीकडे ह्यूस्टनला गेले होते. एका शनिवारी सगळी मंडळी मोटारीने सॅन अँटोनियोला निघालो. वाटेत ‘बकीज’ नावाच्या पंपावर थांबलो. पंप म्हणायचे एवढेच. आत आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजाराएवढे दुकान! त्यात भिंतीच्या भिंती सुक्या मांसाच्या पाकिटांनी भरलेल्या. तिखट, गोड, मिरीची, धुरावलेली, असे नाना प्रकार. नातीने त्यातले एक पाकीट उचलले, मोटारीत बसल्यावर फोडले, आणि एक पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाली, “आजी, जर्की खाऊन बघ.”

पट्टी तोंडात घालण्याआधीच वास आला आणि माझा हात थबकला. वाळलेल्या मांसाचा, किंचित धुराचा, किंचित खारट वास. त्रेपन्न वर्षांनी येत होता, पण ओळखायला क्षणही लागला नाही. मी मनातल्या मनात म्हटले, अगबाई, ह्या तर चान्या!

चान्या म्हणजे काय हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. गावात गुरू मेले की ते ओढून नेण्याचे काम महारांचे असे, आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला. एवढे मांस एका दिवसात कसे संपणार? मग त्याच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावायची आणि दोरीवर उन्हात टांगायच्या. कावळे आणि कुत्री हाकलायला पोरांना बसवायचे. खडखडीत वाळल्या की गाडग्यात भरायच्या. पुढे पावसाळ्यात घरात काही नसले की एखादी चानी निखाऱ्यावर भाजून, दगडाने ठेचून भाकरीबरोबर खायची, नाहीतर डाळीत शिजवायची. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) चान्या आहेत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या या सगळ्या स्वयंपाकाची नीट नोंदच करून ठेवली आहे. एरवी आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत चानी शोधून सापडायची नाही.

असो. चान्यांकडे मी परत येणारच आहे. आधी या जर्कीबाईंची ओळख करून घेऊ.

शब्द वाटतो इंग्रजी, पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरचा आहे. तिथल्या केचुआ भाषेत वाळवलेल्या मांसाला ‘चार्की’ म्हणतात. त्या उंचीवर रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा लखलखीत कोरडे ऊन. लामा नावाच्या जनावराचे मांस रात्री गोठते, दिवसा सुकते, आणि असे काही दिवसांत तयार होते. इंका राजांनी रस्त्यारस्त्यांवर कोठारे बांधून त्यांत धान्याबरोबर अशी चार्कीही साठवली होती. स्पॅनिश लोक आले, त्यांनी शब्द उचलला, आणि इंग्रजांच्या तोंडी जाऊन त्याची ‘जर्की’ झाली.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मुलखात तर याच वाळवणावर लढाई झाली. तिथले आदिवासी गव्याच्या जातीच्या बायसनचे मांस वाळवून कुटत, त्यात वितळवलेली चरबी आणि रानबोरांसारखी सुकी फळे घालून गोळे करीत. क्री भाषेत ‘पिमी’ म्हणजे चरबी. त्यावरून या पदार्थाला ‘पेमिकन’ म्हणतात. कातड्याच्या पिशवीत भरले की वर्षानुवर्षे टिके. केसाळ कातड्यांचा व्यापार करणारे नावाडी याच्यावरच जगत. १८१४ साली कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीच्या गव्हर्नराने हुकूम काढला की, पेमिकन वसाहतीबाहेर न्यायचे नाही. ज्यांचे पोट या व्यापारावर होते ते मेटी लोक खवळले. १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथे चकमक होऊन त्यात पुढचा गव्हर्नर सेम्पल आणि त्याची सुमारे वीस माणसे ठार झाली. सुक्या मांसाला कोणी हलके समजू नये.

बाकीच्या भावंडांची नावे घेऊन पुढे जाते. दक्षिण आफ्रिकेत ‘बिल्टाँग’: याला व्हिनेगर, मीठ, मिरी आणि चक्क आपले भरडलेले धने लावतात आणि उष्णता न देता वाऱ्यावर टांगतात. तुर्कस्तानात ‘पास्तिर्मा’: हिच्यावर मेथीचा जाड लेप. नायजेरियाच्या उत्तर भागात हौसा लोकांची ‘किलिशी’: हिला शेंगदाण्याचे वाटण. लडाख-तिबेटात याकचे मांस वाळवतात, केरळात वाळवलेले बीफ कुटून परततात. धने, मेथी, शेंगदाणे! आमच्या आजीला परक्या वाटतील असे यांत काहीच नाही.

त्या पाकिटाकडे परत येते. पट्टी मी शेवटी खाल्ली. निराशा झाली. वास ओळखीचा, पण चव पाकातल्या चिंचेसारखी. पाकिटावरचे बारीक अक्षर नातीकडून वाचून घेतले, तर मांसाच्या खालोखाल दुसरे नाव साखरेचे! तेव्हापासून मी महिनाभर दुकाने पालथी घातली, आणि त्यातून जो अनुभव आला तो परदेशी असलेल्या आपल्या लेकी-सुनांच्या उपयोगी पडेल. साखर यादीत जितकी खाली तितके बरे. ‘चॉप्ड अँड फॉर्म्ड’ असे लिहिले असेल तर ती अखंड मांसाची पट्टी नव्हे, खिमा थापून केलेली वडी आहे. चांगल्या पट्टीवर मांसाचे धागे दिसतात आणि ती ओढल्यावर धाग्याने सुटते. किंमत पाहून मात्र छाती दडपते. पण तो अगदीच लुटारूपणा नव्हे. एक पौंड मांस वाळून जेमतेम पाव पौंड उरते. राहिलेले तीन हिस्से पाण्याचे, ते हवेत जातात, पैसे मात्र आपले जातात!

तेव्हा म्हटले, घरीच करू. जावईबापूंनी उत्साहाने बाजारातून सर्वांत महाग मांस आणले: संगमरवरासारखी पांढरी नक्षी असलेले. मीही आजीची नात, मला काय शिकवायचे आहे, अशा थाटात बोटाएवढ्या जाड पट्ट्या कापल्या, वाळवल्या आणि बरणीत भरल्या. दहाव्या दिवशी झाकण उघडले तर जुन्या तेलाचा खवट दर्प, आणि तळाशी दोन पट्ट्यांवर पांढरी लव. सगळी बरणी कचऱ्यात गेली. महागडी नक्षी म्हणजे चरबी, आणि चरबी वाळत नाही, खवट होते. जाड पट्टी बाहेरून कोरडी दिसते, आतून ओली राहते. आजीच्या वाट्याला येणारी गुरे हाडे मोजावी इतकी रोडकी असत, त्यांना चरबी कुठली? तिच्या चान्या टिकत त्याचे अर्धे श्रेय त्या दारिद्र्यालाच द्यावे लागेल.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. मागच्या मांडीचे, चरबी नसलेले मांस घेतले. तासभर बर्फाच्या कप्प्यात ठेवले म्हणजे ते घट्ट होते आणि पातळ कापता येते. पट्टी पाव इंचाहून जाड नको. धाग्याला आडवी कापली तर मऊ होते, उभी कापली तर चिवट; दात कसे आहेत ते पाहून ठरवावे. मी आडवी कापली. किलोला वीस ग्रॅम मीठ, अर्धा चमचा हळद, ठेचलेला लसूण, लाल तिखट, भरडलेले धने आणि चमचाभर व्हिनेगर लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले.

यापुढची पायरी कोणी गाळू नये. अमेरिकेच्या शेती खात्याचे सांगणे असे की, वाळवण्याआधी मांस आतपर्यंत १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस, तापलेच पाहिजे. नुसत्या मंद आचेवर वाळवले तर पाणी उडत असताना मांस थंडच राहते. आणि ते तापेपर्यंत आतले जंतू कोरडे होऊन असे निगरगट्ट बनतात की मग उष्णतेला दाद देत नाहीत. १९९५ साली न्यू मेक्सिकोत जर्की खाऊन लोक आजारी पडले, त्याच वर्षी ओरेगॉनमध्ये घरी केलेल्या हरणाच्या जर्कीने तोच प्रकार झाला. मी लेकीच्या मोदकपात्रात पट्ट्या वाफवल्या आणि टोचून पाहायच्या तापमापकाने खात्री केली. (गणपतीपूर्वी ते पात्र स्वच्छ घासून ठेवले, हे जावयांच्या आईंसाठी मुद्दाम नमूद करते.) मग जाळीवर पसरून साठ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये, दाराच्या फटीत लाकडी उलथने अडकवून, म्हणजे वाफ बाहेर जाते. सहा तास लागले. एक पट्टी गार करून वाकवावी. तडा गेला पाहिजे, पण तुकडा पडता कामा नये. काचेच्या बरणीत महिना-दोन महिने छान राहते.

ओव्हनसमोर बसले असताना मला १९७२ साल आठवत होते.

आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. मेलेल्या गुरांचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेतच सांगितले होते. आमच्या निजामी मुलखातल्या खेड्यात ते पोचायला आणि घरात मुरायला वेळ लागला. नागपूरहून परतल्या दिवशी आजोबांनी अंगणातली ती दोरी आपल्या हाताने सोडली. गुरे ओढायचे बंद, चान्या बंद. माझा जन्म त्यानंतरचा. चान्या ही मी फक्त ऐकलेली गोष्ट होती.

मग दुष्काळ पडला. आई-वडील खडी फोडायला जात. आम्ही अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी खाऊन होतो. गावात गुरे दावणीला मरत होती. एके सकाळी मी उठले तर मागच्या खोलीत, दाराआड, आढ्याला दोरी बांधलेली आणि तिच्यावर पट्ट्या. खाली आजीने चुलीतली धग ठेवली होती, कारण बाहेर उन्हात टांगायची सोय नव्हती, लोक बघतील. आजोबांनी दोरी पाहिली. आजीने त्यांच्याकडे पाहिले नाही. ते काही बोलले नाहीत, कांबळे घेऊन समाजमंदिरात झोपायला गेले, आणि ती दोरी उतरेपर्यंत घरात जेवले नाहीत. आम्ही पोरे मात्र जेवलो. वडिलांनी बजावले, शाळेत बोलायचे नाही. मी बोलले नाही. पुढे मास्तरीण झाले, बत्तीस वर्षे शिकवले, ‘आमच्या घरची वाळवणे’ असा निबंधही कितीदा घातला, पण बोलले नाही.

कोण बरोबर होते, हे मला आजही सांगता येणार नाही. आजोबांमुळे मी शाळेत गेले, आणि आजीमुळे शाळेत जायला जिवंत राहिले.

इथे महाराष्ट्रात हा पदार्थ करू म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, १९७६ च्या गोहत्याबंदी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली. तेव्हा म्हशी-रेड्याचे, नाहीतर बोकडाचे मांस घ्यावे, कृती तीच. बकरी ईदनंतर आपल्या दख्खनच्या कितीतरी मुसलमान घरांत बोकडाचे मांस मीठ-हळद लावून असेच दोरीवर वाळते.

दुसऱ्या खेपेची बरणी उत्तम झाली. नातीने डबा भरून शाळेत नेला, आणि रिकामा परत आणला. त्या रात्री मी लातूरकडे असलेल्या अक्काला फोन लावला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दुष्काळात आजीला पट्ट्या कापू लागली होती ती तीच. मी विचारले, “अक्का, आजी चान्यांना मीठ-हळदीशिवाय अजून काय लावायची गं?”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग हळूच म्हणाली, “आज हे काय काढलंस? घरात कोन हाय का तुज्या?”

“सगळे आहेत. मी इथे केल्या.”

“कुठं वाळवल्यास? लोकं बघितली न्हाईत?”

मी तिला ओव्हनचे सांगितले. मग पेट्रोलपंपावरच्या भिंतींचे सांगितले, रंगीत पाकिटांचे सांगितले, भावही सांगितला. भाव ऐकून ती “अगं माय” म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “येताना दोन-चार आन.”

“विमानातून मांस आणू देत नाहीत गं.”

“मग कशी लागती ती तरी सांग.”

“दुकानातली? गोड लागते.”

“गोड?”

“साखर लावतात तिला.”

“चानीला साखर!” अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मागून तिची सून ‘काय झालं, काय झालं’ म्हणून विचारत होती, ते मला इकडे ऐकू येत होते. “अगं, आपल्याला चहाला साखर मिळंना,” अक्का तिलाच ओरडून सांगू लागली, “आन् ती लोकं चानीला लावत्यात!”