केंब्रिजचे दोन दरवाजे

जगदीशचंद्र बोस केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले तेव्हा कलकत्ता विद्यापीठाची बी.ए. त्यांच्या गाठीशी होती. तरीही पुन्हा पदवीलाच बसायचे होते. विद्यापीठाची भौतिकशास्त्राची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठ-दहा वर्षे झालेली, तिचे पहिले प्रमुख मॅक्सवेल गेलेले आणि त्यांच्या खुर्चीवर लॉर्ड रेली. रेलींसारखा शिक्षक मिळाला, हाच त्या दुसऱ्या पदवीचा खरा लाभ. १८८४ साली ती पदरात पाडून बोस परतले.

बाहेरच्या पदवीधरांना थेट संशोधनासाठी घ्यायचे, असा नियम विद्यापीठाने १८९५मध्ये केला आणि दुसरा दरवाजा उघडला. त्याच वर्षी न्यूझीलंडहून रदरफर्ड आले, पाठोपाठ आयर्लंडचे टाउनसेंड. गंमत अशी की, दोन वर्षे संशोधन केल्यावरही हाती पडायची ती बी.ए.च! पीएच.डी. सुरू व्हायला पहिले महायुद्ध संपावे लागले. पण दार उघडले ते उघडलेच. १९१९मध्ये रदरफर्ड कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले, दोन वर्षांनी रशियातून कापित्सा आले. केंब्रिजच्या भौतिकशास्त्राचा जो दबदबा आपण सांगतो, तो बराचसा या उपऱ्यांचा आहे.

आपली मुले मात्र पुढेही बहुधा परीक्षेच्याच दाराने आत गेली. इंग्रजी अमदानीत भारतीयांच्या बुद्धीचा परीक्षेतल्या क्रमांकासारखा बिनतोड पुरावा नव्हता. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे केंब्रिजच्या पदवी परीक्षेत, सीनियर रँग्लर (पहिल्या वर्गातल्या ‘रँग्लरां’त पहिले) झाले, पहिलेच भारतीय, आणि ‘रँग्लर’ ही उपाधी त्यांच्या नावाला जन्मभर चिकटली. ते पुण्यात फर्ग्युसनला शिकवायला आले. त्या काळी ट्रायपॉसचा हा निकाल म्हणजे केवळ एका विद्यार्थ्याचे यश नव्हते.

संशोधनाच्या दाराने गेलेल्यांत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर ठळक. ३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुंबईच्या बंदरातून निघाला आणि बोटीवरच त्याने श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असल्याचे गणित मांडले. ही मर्यादा पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. ट्रिनिटीत फाउलर मार्गदर्शक, आजूबाजूला भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक, नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन. १९३३मध्ये पीएच.डी. आणि ट्रिनिटीची फेलोशिपही मिळाली. पण जानेवारी १९३५मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत एडिंग्टननी भर सभेत त्या मर्यादेची थट्टा केली. मोठमोठे भौतिकशास्त्रज्ञ खासगीत म्हणत, चंद्रशेखरचे बरोबर आहे. चारचौघांत बोलायला कुणी पुढे येईना. उपऱ्याला दार उघडणे सोपे, त्याची बाजू घेणे अवघड. १९३७मध्ये चंद्रशेखर अमेरिकेत गेले. नोबेल मिळाले ते १९८३मध्ये.

होमी भाभांची लढाई घरातलीच. १९२७मध्ये ते गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेले ते अभियंता व्हायला, कारण वडिलांच्या डोळ्यांपुढे जमशेदपूरचा पोलाद कारखाना होता. वर्षभरात मुलाने पत्रातून कळवले की आपला पिंड भौतिकशास्त्राचा आहे. वडिलांची अट व्यवहारी होती : आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव. तो मिळवून भाभा गणिताच्या ट्रायपॉसला बसले. तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्र गणिताच्याच छत्राखाली नांदत असल्याने ही वाट आडवळणाची नव्हती. १९३९मध्ये भारतात सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच राहिले.

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७मध्ये बनारसची बी.एस्सी. घेऊन निघाले आणि बोसांसारखेच पुन्हा ट्रायपॉसला बसले. त्यांचे फिट्झविल्यम हाउस मुळात ज्यांना कॉलेजांचा खर्च झेपत नसे, अशा विद्यार्थ्यांसाठी काढलेले. वडील विष्णु वासुदेव नारळीकरही केंब्रिजचेच रँग्लर, त्यामुळे वाट अनोळखी नव्हती. फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली पीएच.डी. आणि १९६४मध्ये दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. १९७२मध्ये नारळीकर परतले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभांनी १९४५मध्ये सुरू केलेल्या.