डबक्यातला जीव आणि गुणसूत्राचे टोक

गेल्या महिन्यात आमच्या गावचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. नेहमीप्रमाणे रक्तदाब पाहिला, तर १७८/१०४. चार वर्षे आटोक्यात असलेला दाब एकदम का चढला म्हणून खोदून विचारले, तेव्हा गुरुजींनी पिशवीतून एक चकचकीत डबी काढली. ‘टेलोमिअर वाढवून वय रोखणाऱ्या’ गोळ्या! एका ओळखीच्या माणसाने घरी आणून दिलेल्या. महिन्याला साडेचार हजार रुपये. आता वयच थांबणार, मग जुनी गोळी कशाला, असे म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली होती. डबीसोबतच्या कागदावर ‘नोबेलविजेत्या संशोधनावर आधारित’ असे छापलेले. गुरुजी म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नोबेल काय खोटं असतं?”

नोबेल खोटे नाही. ते २००९ साली मिळाले. पण ते कशाबद्दल मिळाले, हे त्या कागदावर नव्हते.

शाळेत आपण सर्वांनी चपलेच्या आकाराच्या पॅरामेशियमची आकृती काढली आहे. त्याचाच एक भाऊबंद म्हणजे टेट्राहायमेना. गोड्या पाण्याच्या तळ्या-डबक्यांत राहणारा एकपेशीय जीव. लांबी जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग. अंगभर बारीक केस असतात आणि ते वल्ह्यांसारखे मारत तो पोहतो. आपल्या श्वासनलिकेच्या आतले, कफ वर ढकलणारे केसही नेमक्या याच बांधणीचे असतात. (विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हे केस नीट काम करीनासे होतात, म्हणून त्यांचा सकाळचा खोकला. असो.)

या जीवाची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. त्याच्या एकाच पेशीत दोन केंद्रके असतात. लहान केंद्रक पुढच्या पिढीसाठी. कणगीत जपून ठेवलेल्या बियाण्यासारखे. मोठे केंद्रक रोजच्या कामाचे. हे मोठे केंद्रक तयार होताना गुणसूत्रांचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या अनेक प्रती निघतात. एका छोट्या तुकड्याच्या तर सुमारे दहा हजार प्रती! प्रत्येकाला दोन टोके, म्हणजे वीस हजार टोके. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे ४६, म्हणजे टोके ९२. दोराच्या टोकाचा अभ्यास करायचा, तर एक लांबलचक दोर बरा की तुकड्यांचा ढीग बरा?

अमेरिकेतील येल विद्यापीठात एलिझाबेथ ब्लॅकबर्न या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संशोधिकेने जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत हाच ढीग तपासला. डी.एन.ए. ही चार अक्षरांची लिपी. १९७८ साली त्यांनी दाखवले, की टेट्राहायमेनाच्या या टोकांवर ‘टी टी जी जी जी जी’ ही सहाच अक्षरे पुन्हापुन्हा लिहिलेली असतात. माणसातील टोकाची अक्षरे १९८८ साली वाचली गेली, ती ‘टी टी ए जी जी जी’. फरक एका अक्षराचा. या टोकालाच टेलोमिअर म्हणतात. कासऱ्याच्या टोकाला गाठ नसेल तर पीळ उलगडतो, तशी ही गाठ.

आता अडचण अशी, की पेशी दुभंगताना डी.एन.ए.ची नक्कल होते, पण अगदी शेवटचा भाग उतरत नाही. जमीन सारवणारी बाई दार नसलेल्या कोपऱ्याकडे सरकत गेली, तर ती उभी असते ती जागा सारवायची राहतेच. तसेच हे. दरवेळी गाठ थोडी झिजते. मग टेट्राहायमेना पिढ्यान्‌पिढ्या दुभंगत राहतो, तो कसा?

उत्तर शोधले कॅरोल ग्रायडर या विद्यार्थिनीने, बर्कले येथे ब्लॅकबर्न यांच्याच हाताखाली. टेट्राहायमेनाच्या पेशींचा अर्क काढून त्यात त्यांनी टोकाचा कृत्रिम तुकडा सोडला. १९८४ च्या नाताळच्या दिवशी फिल्मवर शिडीसारखे पट्टे उमटलेले दिसले. प्रत्येक पायरी सहा अक्षरांची. टोके वाढत होती. वाढवणाऱ्या विकराला पुढे टेलोमरेज हे नाव मिळाले. पुढे १९९० साली या विकराच्या आतला साचाच बिघडवून पाहिला, तेव्हा टोके आखूड होत गेली आणि एरवी न थकणाऱ्या पेशींचे दुभंगणे थांबले. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि यीस्टवर प्रयोग करणारे जॅक शोस्टाक या तिघांना ते नोबेल मिळाले.

इथपर्यंत ऐकून गुरुजी म्हणाले, “म्हणजे गोळीवाला बरोबरच सांगतोय की!”

नाही. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत हे विकर बंद असते, आणि ते बंद असण्याला कारण आहे. कर्करोगाच्या दहांपैकी आठ-नऊ गाठींत हेच विकर पुन्हा सुरू झालेले आढळते. त्याच्याच जोरावर त्या पेशी दुभंगत राहतात. उलट टोके जन्मतःच फार आखूड असतील, तर अस्थिमज्जा आणि फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. गाठ फार झिजली तरी वाईट आणि झिजेनाशी झाली तरी वाईट. जून २०२४ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या एका विकारासाठी इमेटेलस्टॅट हे औषध मंजूर झाले. ते टेलोमरेज वाढवत नाही, अडवते! डबीतल्या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा मात्र कुठेही नाही. रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीने पक्षाघात टळतो, याचा पुरावा भरपूर आहे.

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तो जीव एकदा बघायला मिळेल?” शेजारच्या लॅबमधला सूक्ष्मदर्शक मागितला आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच तळ्याचे पाणी बाटलीत घेऊन आले. थेंबात केसाळ काहीतरी सरसर पळत होते. टेट्राहायमेना होता की दुसरा कोणी, हे मला सांगता आले नाही. गुरुजी डोळा लावून बराच वेळ बसले. बाहेर पाच पेशंट खोळंबले होते.

डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागच्या मंगळवारी त्यांचा रक्तदाब १४२/८८ होता.